जळगाव कथा गयं?

आमच्याकडे चोपड्यात गाडीत गाणी वाजवणाऱ्या यंत्राला अजूनही 'टेप'च म्हणतात. कॅसेटी जाऊन किती वर्षं झाली, पण नवी-जुनी कुठलीही गाडी दारात आली की पहिला प्रश्न, "टेप बसवला का?" मी काही वर्षांपूर्वी जुनी गाडी घेतली तेव्हा तिचा टेप मुका होता. दुकानात गेलो आणि मांडलेल्या डब्यांतला सगळ्यांत मोठ्या स्क्रीनचा उचलला. डब्यावर ठळक अक्षरांत '५० वॅट × ४' छापलेलं. तासाभरात तो बसला, ब्लूटूथ जोडलं गेलं, मोबाइलमधलं अहिराणी गाणं दणक्यात वाजलं. मी खूश.

संध्याकाळी वडील शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, रेडिओ लाव. त्यांचं केंद्र ठरलेलं: आकाशवाणी जळगाव, मिडियम वेव्ह, ९६३ किलोहर्ट्झ. मी बटण दाबत गेलो. ९५०, ९६०, ९७०, ९८०. पुन्हा मागे आलो. ९७०, ९६०. मधलं ९६३ त्या यंत्रात नव्हतंच.

"आरे, जळगाव कथा गयं?" वडिलांनी विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला बसलो आणि त्यातून गाडीच्या स्टिरिओबद्दल जे कळत गेलं, ते पैसे मोजायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटत राहिलं.

जळगाव कुठे गेलं ते आधी सांगतो. मिडियम वेव्हवर एका देशाची केंद्रं दुसऱ्याच्या केंद्रांत घुसू नयेत म्हणून १९७५ साली जिनिव्हा इथे आशिया, आफ्रिका आणि युरोपातल्या देशांचा करार झाला. शेजारच्या दोन जागांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवायचं असं ठरलं आणि नोव्हेंबर १९७८ पासून ते अमलात आलं. त्यामुळे आकाशवाणीच्या मिडियम वेव्ह केंद्रांचे आकडे ९ ने पुरते भागले जातात. पुणे ७९२, नागपूर ५८५, आणि आपलं जळगाव ९६३ म्हणजे ९ गुणिले १०७. अमेरिकेत मात्र हेच अंतर १० किलोहर्ट्झ आहे. माझं यंत्र कारखान्यातून अमेरिकेच्या मापावर लावून आलेलं होतं. ते दहा-दहाच्या उड्या मारत होतं आणि ९६३ वरून दरवेळी उडी मारून पुढे जात होतं.

ही चूक लवकर लक्षात येत नाही, कारण एफएम बऱ्यापैकी चालू असतं. अमेरिकी मापात एफएमची पायरी ०.२ मेगाहर्ट्झची आणि दशांश स्थळी कायम विषम अंक. ९३.५, ९४.३, ९८.३ ही खासगी केंद्रं त्यात नेमकी बसतात, म्हणून रेडिओ ठीक आहे असं वाटतं. नाशिकला गेलात की आकाशवाणीचं १०१.४ लागत नाही, पुण्यात विविध भारतीचं १०१ खरखरतं, आणि दोष एरियलला दिला जातो. जपानच्या मापावर लावलेलं यंत्र आलं तर आणखी पंचाईत, कारण तिथला एफएमचा पट्टा ७६ पासून सुरू होऊन आपला पट्टा संपण्याच्या बऱ्याच आधी संपतो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. सेटिंगमध्ये 'रिजन', 'एरिया' किंवा 'ट्यूनर स्टेप' असं काहीतरी सापडतं, तिथे आशिया किंवा युरोप निवडायचं. काही यंत्रांत ही यादी यंत्र बंद असतानाच उघडते, म्हणून ती सापडत नाही. पण काही स्वस्त यंत्रांत ती सोय नसते, आणि काहींत तर मिडियम वेव्हच नसतं. म्हणून दुकानात गाणं ऐकवायला सांगण्याआधी "९६३ लावून दाखवा" म्हणावं. मला तरी यापेक्षा चांगली पहिली परीक्षा सुचत नाही. एफएम असताना मिडियम वेव्ह कशाला? एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे जळगावपासून दूर जाल तसं ते विरत जातं. मिडियम वेव्ह जमिनीला धरून लांबवर येते. मोबाइलची रेंज असेल तिथे 'न्यूज ऑन एअर' अ‍ॅपवर आकाशवाणीची केंद्रं ऐकता येतात, पण चोपड्याहून लासूर, सत्रासेनच्या किंवा वैजापूरच्या बाजूला सातपुड्यात शिरलात की रेंजचा भरवसा राहत नाही.

खरखर हा वेगळा विषय. मिडियम वेव्हला विजेच्या छोट्या-मोठ्या ठिणग्यांचाही त्रास होतो. हलक्या प्रतीचा मोबाइल चार्जर, बाजारात घेतलेले एलईडी दिवे, कधी तर त्या स्क्रीनचाच आतला वीजपुरवठा, ही सगळी मंडळी रेडिओत गुणगुणत असतात. चार्जर उपसून पाहा, दिवे बंद करून पाहा, चोर सापडतो. आणि नवा स्टिरिओ बसवल्यावर अचानक सगळीच केंद्रं मंद झाली असतील, तर बहुतेकदा एरियलच्या बुडाशी असलेल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज मिळत नसते. ती देणारी निळी वायर स्टिरिओच्या मागे मोकळी लोंबत राहिलेली असते. स्कोडा, फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत ही वीज एरियलच्या केबलमधूनच द्यावी लागते आणि त्यासाठी वेगळा जोड मिळतो. तो जोड मिळेपर्यंत स्टिरिओ बदलण्यात अर्थ नाही.

आता डब्यावरच्या त्या पन्नास वॅटकडे येतो.

इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्टिरिओतली चिप स्पीकरला दोन्ही टोकांनी ढकलते, तरी स्पीकरवर पडणारा दाब १४.४ व्होल्टच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण मागून तेवढाच येतो आहे. गाडीचा स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागा: ५२ येतात. डब्यावरचे पन्नास वॅट इथून आले! पण हा हिशेब लहर पूर्ण चौकोनी असेल तरच लागू पडतो, म्हणजे आवाज इतका फाटलेला की गाणं ओळखू येणार नाही. स्वच्छ गोल लहरीला याच्या निम्मं मिळतं, २६ वॅट. चिपमध्ये जे वाया जातं ते वजा करा, आवाज फाटायच्या आतली पातळी धरा, तर एका स्पीकरला १८ ते २० वॅट उरतात. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर न लावता डॅशबोर्डातला कुठलाही स्टिरिओ, हजाराचा असो की पंचवीस हजाराचा, या भिंतीच्या पलीकडे फारसा जात नाही. पडताळा हवा असेल तर यंत्राच्या मागचा फ्यूज पाहा. तो १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १५ गुणिले १४.४ म्हणजे २१६ वॅट, आणि ही आत येणारी सगळी वीज. त्यातला जवळजवळ निम्मा भाग उष्णता होऊन जातो. मग चार स्पीकरांना दोनशे वॅट देणार कुठून?

म्हणून पुस्तिकेत 'आरएमएस' हा शब्द शोधायचा, आणि त्याच्याजवळ '४ ओहम, १ टक्का विकृती' असं काही लिहिलंय का ते पाहायचं. सीईए-२००६ ही मोजणीची पद्धत पाळणाऱ्या कंपन्या ते स्पष्ट लिहितात. तिथे १८, २० किंवा २२ दिसलं तर कंपनी खरं बोलते आहे, त्या लहान आकड्याचा मान राखावा. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटला कानाला फक्त ३ डेसिबलची वाढ मिळते, जेमतेम जाणवेल इतकी. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्याऐवजी ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर काढून ९१ चा लावला, तर एक वॅटही न वाढवता तीच ३ डेसिबल पदरात पडतात.

मी आज पुन्हा खरेदीला गेलो तर ठरवलेल्या रकमेतले निम्मे पैसे स्टिरिओवर आणि निम्मे पुढच्या दोन दारांतल्या स्पीकरांवर घालीन. गाडीबरोबर आलेले स्पीकर बहुधा कागदी असतात आणि दाराच्या पातळ पत्र्याला नुसते टेकवलेले. तो पत्रा थरथरतो, मागची हवा पुढे येते, आणि ढोलाचा आवाज जन्मण्याआधीच विरतो. स्पीकरभोवतीची फट बंद करून पत्र्यावर थरथर शोषणारी पट्टी, म्हणजे डॅम्पिंग शीट, चिकटवली तर जुन्याच टेपवर ढोलकी अशी उठते की माणूस चकित होतो. आपल्याकडे आवाज कमी वाटला की मागे भलामोठा 'बूफर' टाकायची पद्धत आहे. बूफर वाईट नाही, पण दार ठीक केल्यावर त्याची गरज वाटते का ते पाहून मग तो घ्यावा. घ्यायचाच असेल तर स्टिरिओला मागे 'प्री-आउट'ची गोल भोकं आहेत का आणि ती किती व्होल्टची आहेत ते विचारा. २ व्होल्ट चालतात, ४ असतील तर उत्तम. सिग्नल जितका जोरकस निघेल, तितकी वाटेत इंजिनाची शिट्टी त्यात कमी मिसळते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट डब्यावरच्या प्रत्येक आकड्याहून मोठी आहे: मे महिना. जळगाव जिल्ह्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका देतो. बहुतेक स्टिरिओंच्या पुस्तिकेत कामाचं तापमान ६० अंशांपर्यंत दिलेलं असतं. उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ते सहज ओलांडतो, आणि मग आपण आत बसून किल्ली फिरवतो. यंत्रातल्या कपॅसिटरांचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना अनुभव. म्हणूनच थंड मुलखात आठ-दहा वर्षं टिकणारा स्क्रीन इकडे तीन उन्हाळ्यांत फुगतो, कडेने पिवळा पडतो किंवा स्पर्श चुकीच्या जागी घेऊ लागतो. यंत्र हातात घेऊन त्याची पाठ पाहा. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पाकळ्यांचा उष्णताशोषक, ज्याला मेकॅनिक 'हीट सिंक' म्हणतात, तो नीट बसवलेला आहे का? वजन किती लागतंय? पाठीमागे नुसता पातळ पत्रा आणि हाताला हलकं लागणारं यंत्र मी तरी खान्देशात घेणार नाही, स्क्रीन कितीही लख्ख असो. आणि गाडी निंबाखाली लावायची, जागा नसेल तर काचेला पडदा लावायचा.

स्क्रीनचा मोह कुणालाच सुटलेला नाही, म्हणून तिथला एक गोंधळ दूर करतो. 'अँड्रॉइड स्टिरिओ' आणि 'अँड्रॉइड ऑटो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात स्टिरिओ हाच एक टॅबलेट असतो: त्याचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःची अ‍ॅप. दुसऱ्यात सगळं काम तुमचा मोबाइल करतो, स्टिरिओ फक्त आरसा होतो. अ‍ॅपलच्या फोनसाठी तसंच कारप्ले आहे. पहिला प्रकार दुकानात भरघोस दिसतो, पण त्याची मेमरी कमी असेल तर दोन वर्षांत तो रडत चालतो, आणि सेटिंगच्या पानावर दिसणारे '८ जीबी' किंवा 'अँड्रॉइड १३' हे आकडे काही बनावट यंत्रांत नुसतेच लिहून ठेवलेले असतात. हार्डवेअर तपासणारं एखादं अ‍ॅप टाकून पाहिलं की खरं बाहेर येतं. दुसऱ्या प्रकारात फोन बदलला की स्टिरिओही आपोआप नवा होतो. माझा कौल दुसऱ्याला आहे. नकाशा मात्र निघण्याआधी फोनमध्ये उतरवून ठेवायचा, कारण सातपुड्यात तो वाटेतच पांढरा पडतो.

मराठी माणसाने एक जास्तीची परीक्षा घ्यावी. देवनागरीत नावं असलेली गाणी पेनड्राइव्हवर भरून तो दुकानात लावा. साध्या, पट्टीएवढ्या पडद्याच्या यंत्रांत इंग्रजीखेरीज अक्षरंच नसतात. गाण्याच्या नावाच्या जागी चौकोन दिसतात किंवा काहीच दिसत नाही, आणि दोनशे गाण्यांत हवं ते सापडत नाही. पेनड्राइव्ह अजिबात वाचला गेला नाही, तर तो एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट करून पाहा. मोठ्या क्षमतेचे ड्राइव्ह सहसा दुसऱ्या पद्धतीने येतात आणि पुष्कळ स्टिरिओंना ती समजत नाही. यंत्र बिघडलेलं नसतं.

डॅशबोर्डातल्या भोकाचं माप हा सगळ्यांत सोपा भाग. जर्मनीच्या मानकसंस्थेच्या नावावरून त्याला 'डिन' म्हणतात. एक डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर, दोन डिन म्हणजे उंची दुप्पट, १००. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत रुंदी २०० असते. नऊ-दहा इंची स्क्रीनना गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळी फ्रेम लागते, आणि ती फ्रेम नेमकी मिळत असेल तरच तो स्क्रीन घ्यावा. घासून, चिकटवून बसवलेली फ्रेम खराब रस्त्यावर महिनाभरात कुरकुरायला लागते.

ट्रॅक्टर आणि ट्रकवाल्यांसाठी थोडं. ट्रॅक्टरला मोठा स्क्रीन लावू नये. ऊन, धूळ आणि हादरे त्याला जगू देत नाहीत, आणि इंजिनाच्या आवाजापुढे बारीक सुरांचा उपयोग नाही. यूएसबी, ब्लूटूथ आणि हातमोजे घालून दाबता येतील अशी मोठी बटणं असलेलं एक डिनचं यंत्र, झाकणाच्या डब्यात, बास. केळी भरून दिल्लीकडे निघणाऱ्या मोठ्या ट्रकचा प्रश्न निराळा: तिथे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ केलेले असतात. गाडीचा स्टिरिओ त्यांतल्या एकाच बॅटरीवर टाकायची सवय सर्रास दिसते. त्याने एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि दोन्ही लवकर मरतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर दोन बॅटऱ्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

आता वायरिंग. यंत्र चांगलं निवडूनही सगळं बिघडतं ते इथे, आणि माझंही इथेच बिघडलं. मूळ वायर कापू देऊ नका. प्रत्येक गाडीसाठी कपलर मिळतो. एका बाजूने गाडीचा सॉकेट, दुसऱ्या बाजूने स्टिरिओचा. कापलेल्या वायरवर चिकटपट्टी गुंडाळली की उन्हाळ्यात तिचा डिंक वितळतो आणि ती सुटते, शिवाय नव्या गाडीच्या वॉरंटीचा वाद उभा राहतो. स्टिअरिंगवरची बटणं चालू ठेवायची असतील तर ते आधीच सांगा, त्यासाठी वेगळी जोडणी असते.

स्पीकरच्या वायरी जोडीने येतात: पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी, आणि प्रत्येकीबरोबर त्याच रंगाची, काळी रेघ असलेली दुसरी. रेघवाली उणे. ती गाडीच्या पत्र्याला कधीही लावायची नाही. चिप दोन्ही टोकांनी ढकलते, त्यामुळे तसं केल्यास ती जळते. आणि एका दाराच्या वायरी उलट जोडल्या गेल्या तर दोन्ही स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि ढोल नाहीसा होतो. ओळखायचं असं: आवाज मध्यभागी ठेवा, मग बॅलन्स एका बाजूला सरकवा. एकच बाजू वाजताना ढोल भरदार आणि दोन्ही वाजताना पोकळ वाटला, तर वायर उलटी आहे.

एक वायर हँडब्रेकची असते. गाडी चालू असताना पुढच्या स्क्रीनवर व्हिडिओ दिसू नये म्हणून ती दिलेली आहे, आणि ती सरळ पत्र्याला जोडून ते बंधन मोडून द्यायला बसवणारे तयार असतात. नको म्हणा. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रात्री मागचा दिवा नसलेला उसाचा किंवा केळीचा ट्रॅक्टर दिसायला दोन सेकंद मिळतात, आणि ती दोन सेकंदं पडद्यावर खर्च होता कामा नयेत.

राहिल्या पिवळी आणि लाल. पिवळी थेट बॅटरीवरून, कायम चालू. यंत्राची आठवण तिच्यावर जगते. लाल किल्लीवरून, म्हणजे किल्ली फिरवली की यंत्र जागं होतं. या दोन्ही एकत्र करून बॅटरीवर टाकल्या तर यंत्र झोपतच नाही. एक अँपिअर जरी खात राहिलं तरी लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी उतरायला जेमतेम सतरा-अठरा तास लागतात, आणि सकाळी गाडी ढकलावी लागते. दोन्ही किल्लीवर टाकल्या तर बॅटरी वाचते, पण गाडी बंद केली की यंत्र सगळं विसरतं.

माझ्या गाडीत हेच दुसरं झालं होतं. रिजन बदलून मी ९६३ मिळवलं, एक नंबरच्या बटणावर साठवलं, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा अमेरिकेला गेलेलं, बटण रिकामं. चार दिवस मी रोज सकाळी तेच करत होतो आणि वडील काही न बोलता वाट पाहत बसायचे. शेवटी रविवारी डॅशबोर्ड उघडला. पिवळी लालच्या गळ्यात बांधलेली होती. ती सोडवून कपलरमधल्या कायम चालू असलेल्या टोकाला जोडली, मध्ये फ्यूज टाकला, पुन्हा आशिया निवडलं, पुन्हा ९६३ साठवलं.

सोमवारी सकाळी वडिलांनी स्वतः किल्ली फिरवली आणि एक नंबरचं बटण दाबलं. जळगाव लागलं.